नऊ जण, आठवड्याला एक अल्बम : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी, रविवार

आम्ही नऊ जण. मामा, आत्या, दादा आणि वहिनी, भाची, बासरी शिकणारा एक मित्र, एक मैत्रीण, तिचा नवरा आणि मी. गाण्याचं वेड सगळ्यांनाच, पण ज्याचं त्याच्यापाशी. मामांकडे सीडी आणि रेकॉर्डींचा साठा आहे. आत्या पियानोपलीकडे फारशी जात नाही. भाची मेटल रॉक सोडून बाकीच्याला संगीत मानते की नाही, याची मला शंका आहे. दादा जे काही ऐकतो ते गाडीत.

ग्रुपवर आजवर चालत आलेला प्रकार असा: कुणीतरी लिंक टाकतं, खाली ‘ऐकाच, भारी आहे’, त्यावर दोन-तीन अंगठे, की झालं. डिसेंबरमधल्या लिंका मी बसून मोजल्या. ४१ निघाल्या. यातल्या शेवटपर्यंत किती ऐकल्यात, असं विचारलं तर सगळ्यांचं मिळून उत्तर आलं तीन. त्यातल्या दोन टाकणाऱ्यानेच ऐकलेल्या.

तर आता पाळीपाळीने एकाने अल्बम द्यायचा, बाकीच्यांनी तोच आठवडाभरात किमान एकदा सलग ऐकायचा आणि शनिवारी रात्रीपर्यंत शीटवर नोंद करायची. हिशेब माझ्याकडे. ही वही अशासाठी की दुसऱ्या कुणाला असं वर्तुळ चालवायचं असेल तर त्याचे माझ्याइतके तास वाया जाऊ नयेत.

आजचं काम: शीट तयार केली. बारा रकाने: नाव, अल्बम, कलाकार, साल, प्रकार, लांबी, कशावर ऐकलं, किती वेळा, किती वाजता, मूड, तारे, शेरा. प्रत्येक रकान्याला वेगळा रंग. तीन तास गेले.

१२ जानेवारी

पहिला अल्बम मीच दिला. कुणाला जड जाऊ नये म्हणून ‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६७ सालचं ध्वनिमुद्रण. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या वेळांवर मांडलाय: पहाटेच्या अहिर भैरव-नट भैरवापासून पिलू, भूप, देस करत पहाडीपर्यंत. मला वाटलं यात बिघडण्यासारखं काय आहे!

नऊपैकी सात नोंदी आल्या. वाचल्यावर लक्षात आलं की सात जणांनी चार वेगवेगळे अल्बम ऐकलेत.

भाचीने लिहिलं, ‘छान आहे, पण दिवस कुठे दिसला नाही. रात्रीनंतर एकदम सकाळ, मग परत संध्याकाळ.’ तिच्या फोनवर शफल, म्हणजे क्रम विस्कटून वाजवणं, चालू होतं. कायमच असतं म्हणे, तिला तो पर्याय बंद होतो हेच माहीत नव्हतं. दादाच्या ॲपमध्ये क्रॉसफेड बारा सेकंदांवर ठेवलेला, त्यामुळे एक राग पुरता मावळायच्या आत त्याच्या अंगावर दुसरा चढत होता. त्याला ते ‘वेगळंच फ्यूजन’ वाटलं आणि त्याने चक्क पाच तारे दिले. मैत्रीण आणि वहिनी यांचं शेवटच्या तुकड्यावरून वाजलं. एक म्हणते शेवट पहाडीने होतो, दुसरी म्हणते बागेश्रीने. दोघी बरोबर. मूळ रेकॉर्डवर पाच तुकडे होते, पुढे आलेल्या सीडीवर आणखी तीन जोडले गेले. वहिनीने जोडलेल्यांसकट ऐकलं होतं, त्यामुळे तिचा मेंढपाळ घरी जाऊनही थांबायला तयार नव्हता.

चूक माझी. मी नुसतं नाव सांगितलं होतं. कुठून कुठपर्यंत आणि कशा क्रमाने, हे सांगितलंच नव्हतं.

१९ जानेवारी

दुरुस्ती केली. प्रत्येक अल्बमसोबत आता तीन सूचना जातात: शफल बंद, क्रॉसफेड शून्य, आणि अमुक तुकड्यावर थांबा. शफलचं बटण बंद करायला सात जणांना फोनवरून शिकवलं, त्यात चाळीस मिनिटं गेली. मामा म्हणाले, ‘सीडीला हे असलं काही लागत नाही.’ (हे वाक्य पुढे बऱ्याचदा आलंय, प्रत्येक वेळी लिहीत नाही.) हा वैताग फक्त आमचाच नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गायिका अडेलने मागणी केल्यावर स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं ते आपोआप शफल लावणारं बटण काढलं. दादाला हे सांगितल्यावर त्याने क्रॉसफेड काढला. अडेलचं ऐकतो, माझं नाही.

दुसरी अडचण ताऱ्यांची. दोन आठवड्यांच्या पंधरा नोंदींपैकी बारा जणांनी चार तारे दिलेत. तीन दिले तर देणाऱ्याला वाईट वाटेल, पाच दिले तर आपली अक्कल दिसेल, म्हणून चार. तारे काढून टाकले. त्याऐवजी एकच प्रश्न: पुन्हा लावाल का? हो किंवा नाही.

‘मूड’ हा रकाना कुणीच भरला नव्हता. तोही काढला. ‘किती वाजता’ फक्त आत्या भरत होती, मिनिटांसकट. तिची माफी मागून तोही काढला.

२६ जानेवारी

वहिनीची पाळी होती, तिला वेळ मिळाला नाही. आठवडा रिकामा. पाळी चुकली तर पुढच्याने तयार असायचं हा नियम आज केला, पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

२ फेब्रुवारी

मामांची पाळी. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. मामांची अट: सगळ्यांनी एकाच वेळी ऐकायचं. फोनवर जमायचं, मामा सोडून बाकीच्यांनी माइक बंद करायचे आणि ‘एक, दोन, तीन’वर सुरू. मामा त्यांच्या जुन्या सीडीवर, बाकीचे स्ट्रीमिंगवर.

पहिल्या तुकड्यात दीड मिनिटाच्या सुमारास जिमी कॉब झांजेवर एक ठोका टाकतो आणि तिथून माइल्सचा ट्रम्पेट सुरू होतो. तो ठोका ऐकू आला की सगळ्यांनी हात वर करायचा असं मामांनी आधीच बजावलेलं. हात वर झाले, मामांचा जरा आधी. कुणी मनावर घेतलं नाही. पण तुकडा संपताना मामा म्हणाले, ‘झालं,’ आणि आमचं चालूच. सहा-सात सेकंदांचा फरक. तिसऱ्या तुकड्याच्या अखेरीस तो पंधराच्या वर गेला.

मी नेटला दोष दिला. सगळं थांबवून पुन्हा सुरुवात केली. मग मामांनी बटण आधी दाबलं असं दादा म्हणाला, मामा चिडले. मग वाटलं सीडी प्लेअर बिघडलाय. तिसऱ्यांदा लावलं, तोच फरक. रात्रीचे साडेअकरा झाले, तिघे निघून गेले. दोन तास पाण्यात.

९ फेब्रुवारी

उत्तर बासरीवाल्याने काढलं, आणि तेही कानाने. त्या रात्री तो मामांच्या फोनमधून येणाऱ्या आवाजावर सूर धरायला बघत होता. आज त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, ‘मामा, रागावू नका, पण तुमची सीडी चढी आहे.’

‘माझी सीडी? अरे, मूळ कंपनीची आहे ती!’

मूळ कंपनीची होती, म्हणूनच. या अल्बमचे पहिले तीन तुकडे २ मार्च १९५९ च्या बैठकीत मुद्रित झाले. त्या दिवशी मुख्य टेप यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं योग्य वेगाने वाजवलं की ते भराभर जातं आणि सूर चढतो. पहिल्या बाजूचा हा दोष तीसेक वर्षं तसाच रेकॉर्डींवर आणि नंतर सीडींवर येत राहिला. त्या बैठकीत राखीव म्हणून दुसरं यंत्रही चालू होतं, त्याचा वेग बरोबर होता. त्यावरून १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. मामांची सीडी त्याच्या आधीची, आमचं स्ट्रीमिंग नंतरच्या दुरुस्त प्रतीवरून.

खात्री करायची म्हणून आज दुसऱ्या बाजूचा पहिला तुकडा लावला. ती बाजू २२ एप्रिलच्या बैठकीतली, तिला हा दोष नाही. एकदम सुरू केलं आणि मामांचं आणि आमचं एकदम संपलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले, मामा सोडून. ते म्हणाले, ‘म्हणजे चाळीस वर्षं मी चढ्या सुरात ऐकतोय?’ मग जरा थांबून, ‘मला तोच आवडतो.’

शीटमध्ये नवा रकाना: कुठली आवृत्ती. मिनिट-सेकंद सांगून एखादी जागा दाखवायची असेल तर हा रकाना हवाच, नाहीतर दोघांच्या सेकंदांचा मेळ बसत नाही.

१६ फेब्रुवारी

आत्याने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ दिली, पियानोवर ग्लेन गूल्ड. ‘कुठली आवृत्ती’ रकाना असूनही गोंधळ झालाच, कारण गूल्डने हीच रचना दोनदा मुद्रित केलीय: १९५५ मध्ये आणि १९८१ मध्ये. पहिली ३८ मिनिटांची, दुसरी ५१. सुरुवातीची धून पहिल्यात दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्यात तीन मिनिटांच्या पुढे जाते. आत्याला दोन्ही ऐकायला हव्या होत्या. तिने तसं लिहिलंही होतं, पण सूचनेच्या सातव्या ओळीत. सातवी ओळ कोणी वाचत नाही. त्यामुळे तिघांनी ‘फार पळतो’ लिहिलं, तिघांनी ‘फार रेंगाळतो’.

भाचीचा निरोप: ‘फाइल खराब आहे. मागे कुणीतरी गुणगुणतंय.’ मी तिला इअरफोन बदलायला सांगितलं. मग ॲप काढून पुन्हा टाकायला लावलं. मग मी माझ्याकडून दुसरी फाइल पाठवली, त्यातही तेच. दीड तासाने आत्याला फोन केला. ती इतकी हसली की बोलता येईना. गूल्ड वाजवताना स्वतः गुणगुणायचा, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना तो आवाज काही पूर्ण घालवता आला नाही.

‘आधी सांगायचं नाहीस?’

‘मला आता ते ऐकूच येत नाही गं. इतकी वर्षं झाली.’

हे लिहून ठेवतेय कारण पुढे याचा उपयोग झाला. ज्याला एखादा अल्बम पाठ असतो, त्याला त्यातलं नवख्याला खटकणारं दिसेनासं झालेलं असतं.

२३ फेब्रुवारी

वाईट आठवडा. भाचीची पाळी. तिने मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ दिला. नऊपैकी तिघांनी ऐकला, म्हणजे ती धरून. दादाने दोन तुकड्यांनंतर सोडला. मैत्रिणीचा नवरा म्हणाला स्पीकर फाटतोय. खरं तर स्पीकरचा दोष नाही, हा अल्बम इतका मोठ्या आवाजात कोंबून तयार केलाय की आवाजाची टोकं छाटली गेलीत, आणि त्यावरून खुद्द चाहत्यांनीच तेव्हा ओरड केली होती. पण हे मी भाचीला सांगायला गेले तर ती म्हणाली, ‘मावशी, तुम्हाला ऐकायचंच नाहीये. मी मात्र तुमचा मेंढपाळ दोनदा ऐकला.’

बरोबर होतं तिचं.

रात्री मामांचा फोन. मी आकडे वाचून दाखवले: पहिल्या आठवड्यात सात, मग आठ, सहा, सहा, तीन. मामा म्हणाले, ‘केसरबाई केरकरांची भैरवी व्हॉयेजर अवकाशयानावर आहे, ठाऊक आहे ना? १९७७ साली सोडली. सोनेरी तबकडी, सगळ्या जगातलं मिळून नव्वद मिनिटांचं संगीत. कोण ऐकणार माहीत नाही, त्याला कान आहेत का तेही माहीत नाही. त्या लोकांना इलाज नव्हता. तुला काय झालंय? तुझ्याकडे तर आठच माणसं आहेत आणि तू सगळ्यांना ओळखतेस.’

फोन ठेवल्यावर जुन्या ४१ लिंका पुन्हा काढून पाहिल्या. ज्या तीन ऐकल्या गेल्या होत्या त्यातली तिसरी, म्हणजे टाकणाऱ्याने न ऐकलेली, अशी होती: वहिनीने आत्याला उद्देशून लिहिलेलं, ‘आत्या, हे तुमच्यासाठी.’ ती आत्याने त्याच दिवशी ऐकली होती. बाकी सगळ्या सगळ्यांसाठी होत्या.

२ मार्च

पद्धत मोडली, नवी घातली. आता सगळ्यांना एक अल्बम नाही. एकाने एकालाच द्यायचा. चिठ्ठ्या टाकून जोड्या.

लगेच अडलं: नऊ हा विषम आकडा. आधी एकाला दर आठवड्याला सुट्टी द्यायची म्हटलं, ते कुणालाच नको. मग जोड्यांऐवजी गोल केला. पहिला दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, नववा पहिल्याला. याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता: ज्याला तुम्ही देता तो तुम्हाला देत नाही, त्यामुळे ‘मी तुझा ऐकला, आता तू माझा ऐक’ ही घासाघीस संपली.

देताना तीनच ओळी लिहायच्या. कुठलं ध्वनिमुद्रण. कुठल्या मिनिटाला कान टवकारायचे. आणि तुलाच का. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर तो अल्बम त्या माणसाला द्यायचा नाही, दुसरा शोधायचा.

घेणाऱ्याने ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं’ लिहायचं नाही. एक जागा लिहायची, जिथे तो थांबला, अडखळला, किंवा मागे जाऊन पुन्हा ऐकलं. शेवटी ‘पुन्हा लावाल का’ तेवढं ठेवलं.

शीटचे रकाने आता पाच: कोणी कोणाला, अल्बम, आवृत्ती, जागा, पुन्हा लावाल का. रंग काढले.

९ मार्च

नऊपैकी नऊ नोंदी. पहिल्यांदाच.

मामांकडून भाचीला गेले अब्दुल करीम खाँ. यावर आधी वाद झाला की हा अल्बम आहे का. खाँसाहेब १९३७ साली गेले, लाँग प्ले रेकॉर्ड आली १९४८ मध्ये. त्यांचं सगळं ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांवर, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. मामांचं म्हणणं, अल्बम हा शब्दच मुळात तिथला: सात-आठ तबकड्या ठेवायला फोटोंच्या अल्बमसारखी पाकिटांची जाड वही असायची, तिला अल्बम म्हणायचे. पुढे तेच नाव एका रेकॉर्डला चिकटलं. म्हणजे बाकीच्यांचेच अल्बम खोटे. वाद मामा जिंकले.

मामांच्या तीन ओळींतली तिसरी: ‘तुला लांबण आवडत नाही म्हणून.’

भाचीने लिहिलं: ‘झिंझोटीतली ठुमरी. पहिल्या सेकंदापासून गाणंच, घसा साफ करणं नाही, ओळख नाही. तीन मिनिटांत विषय संपला. खरखर आहे, पण मला खरखरीची सवय आहे. पुन्हा लावेन.’ मामांना सगळ्यात भीती त्या खरखरीचीच होती. नोंद वाचून त्यांनी मला दोनदा फोन केला.

एक चूक मात्र झाली. तिच्याकडे गेलेल्या संकलनात बऱ्याच तबकड्या एकापाठोपाठ होत्या आणि आठव्या बाजूनंतर तिला सगळं सारखंच ऐकू यायला लागलं. तबकडी उलटायला, सुई ठेवायला जो वेळ जायचा तो या संकलनातून गायब झालाय. आता ७८ च्या संकलनांना नियम: एका बैठकीत पाच बाजू, जास्त नाही.

१६ मार्च

या आठवड्यातली फसलेली नोंद माझी स्वतःची.

बासरीवाल्याला मी कीथ जॅरेटचा ‘कोल्न कॉन्सर्ट’ दिला. तीन ओळींचा नियम मीच केला आणि मीच मोडला, पानभर लिहिलं. २४ जानेवारी १९७५ ची रात्र, कार्यक्रम ठरवणारी मुलगी अठरा वर्षांची, रंगमंचावर भलताच पियानो आलेला, छोटा, वरचे सूर पातळ, खालचे दुबळे, पेडल धड नाहीत. जॅरेट वाजवायलाच तयार नव्हता. मग तो बसला आणि जे सुचेल ते वाजवत गेला, पहिला भाग तब्बल २६ मिनिटं. मला ही गोष्ट इतकी आवडते की राहवलं नाही.

त्याची नोंद: ‘जागा: कुठलीही नाही. मी पूर्ण वेळ पियानो कुठे खराब वाजतोय तेच शोधत बसलो. सापडलं नाही. संगीत कसं होतं विचारशील तर परत ऐकावं लागेल.’

तास-सव्वातासाचा अल्बम त्याने परीक्षकासारखा ऐकला, आणि ते माझ्यामुळे. गोष्ट आधी सांगितली की कान गोष्टीमागे जातात. आत्याच्या वेळी उलटं झालं होतं, गुणगुणणं आधी सांगायला हवं होतं. यावर बरीच खलबतं झाली. वहिनीने तोडगा काढला: जे माहीत नसेल तर ऐकणाऱ्याला फाइल बिघडली असं वाटेल, तेवढंच आधी. बाकी सगळी हकीकत नंतर, बंद लिफाफ्यात. म्हणजे वेगळ्या निरोपात, वर ‘ऐकल्यावर उघड’ असं लिहून.

त्याला आधी सांगण्यासारखं एवढंच होतं की ‘दोन अ’ आणि ‘दोन ब’ हे वेगळे तुकडे नाहीत. एकच वादन आहे, रेकॉर्डची बाजू संपली म्हणून कापलेलं. नेमकं तेच मी सांगितलं नव्हतं. त्याने ‘दोन अ’ संपल्यावर फोन ठेवून दिला आणि ‘दोन ब’ दुसऱ्या दिवशी ऐकला.

२३ मार्च

मैत्रिणीचा नवरा बाहेर पडला. भांडण नाही, त्याला पॉडकास्ट ऐकायचे असतात. आठ राहिलो, गोल आहे तसाच चालतो, एक दुवा कमी.

आजवरचा माझा खर्च, तासांत. शीट बांधणं आणि मोडणं: सात. फोनवरून बटणं शिकवणं: तीन. ‘काइंड ऑफ ब्लू’ची रात्र आणि नंतरची शोधाशोध: पाच. नोंदी न देणाऱ्यांच्या मागे लागणं: नऊच्या आसपास, त्यातले आठ तास फेब्रुवारी संपायच्या आधीचे. प्रत्यक्ष ऐकणं यात धरलेलं नाही. आज पुन्हा सुरुवात केली असती तर पहिल्या दोन महिन्यांतलं जवळजवळ काहीच केलं नसतं, फक्त शफल बंद करायला शिकवलं असतं.

३० मार्च

गोल फिरून भाचीकडून मामांकडे आला. सगळ्यांना याची धास्ती होती, मला धरून. मी भाचीला म्हटलं, ‘जरा सौम्य दे.’ ती म्हणाली, ‘मावशी, तिसरी ओळ मी लिहू की तू?’

तिने ब्लॅक सॅबाथचा पहिला अल्बम दिला. तिच्या तीन ओळी जशाच्या तशा: ‘१९७० चा मूळ, पुढे जोडलेले तुकडे नकोत. पाऊस आणि घंटा रेकॉर्डमध्येच आहे, खिडकी बघू नका. गिटार आली की पहिले तीन सूर ऐका, तुम्हाला त्यांची नावं माहीत असतील.’

अशी तिसरी ओळ आजवर आमच्यात कुणी लिहिलेली नाही.

६ एप्रिल

मामांची नोंद शनिवारी रात्री अकराला आली. इतर वेळी ते मला फोनवर सांगतात आणि मी भरते. ही त्यांनी स्वतः टाइप केलीय.

‘षड्ज. मग वरचा षड्ज. मग एकदम तीव्र मध्यम, आणि तिथेच थरथरत उभा. आपल्याकडे यमनात हा सूर लागला की पंचमाकडे डोळे लागतात. हा माणूस तिकडे जातच नाही, परत षड्जावर येतो आणि पुन्हा तेच. घाबरवायला याला दुसरं काही लागलं नाही. पाचव्या मिनिटाच्या आसपास लय धावायला लागते, तिथपर्यंत मी तीनदा मागे गेलो. त्यापुढचे तुकडे एकदाच ऐकले, त्यातलं सगळं जमलं नाही. आवाज कमी ठेवला होता, शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.’

मग त्यांनी लिफाफा उघडला. त्यात भाचीने लिहिलं होतं की गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात पत्र्याच्या यंत्रात तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे सूर दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकच्या टोप्या करून बोटांवर चढवल्या आणि वाजवत राहिला. आणि हा अख्खा अल्बम एका दिवसात मुद्रित झाला.

मामांनी भाचीला काय कळवलं ते तिने मला दाखवलं नाही. शीटमध्ये मात्र त्यांनी रकाना चुकवलाय: ‘पुन्हा लावाल का’च्या खाली ‘१९७०’ लिहिलंय आणि ‘आवृत्ती’च्या खाली ‘हो’. दुरुस्त करायचं राहिलंय.